ताप उतरतोय, खोकला जात नाहीये. गुरुवारचं काम सोडू का?

बूथवासी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, डोकं जड आहे त्यामुळे लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी दुभाषी आहे, म्हणजे परिषदांमध्ये मागे ती काचेची पेटी, म्हणजे बूथ, असतो ना, त्यात हेडफोन लावून बसायचं आणि वक्ता बोलत असतानाच दुसऱ्या भाषेत बोलत राहायचं, ते काम. फ्रीलान्स. येत्या गुरुवार-शुक्रवारी दोन दिवसांची एक तांत्रिक परिषद आहे, पंप, व्हॉल्व्ह, पाइपातली गळती शोधायच्या पद्धती असा सगळा मामला. ज्या एजन्सीकडून काम आलंय त्यांच्याबरोबर माझं हे पहिलंच, आणि तिथे शिरकाव व्हावा म्हणून मी वर्षभर मेल टाकत होते. तीन आठवडे तयारी केलीय, चारशेच्या वर शब्दांची ग्लॉसरी केलीय, ग्लँड पॅकिंग म्हणजे काय ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

आणि शनिवारी रात्री थंडी वाजून ताप भरला. रविवारी दिवसभर १०२. आज दुपारी १०१, आत्ता ९९.५, पण मधे गोळी घेतली होती. अंगदुखी कमी झालीय. खोकला मात्र कोरडा आणि सारखा, आवाज सकाळी तर निघतच नव्हता आता फाटका फाटका येतोय, आणि उजव्या कानाला दडा बसलाय. बुधवारी संध्याकाळी दोन तासांचं विमान आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आले. फ्लूसारखंच दिसतंय, विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, दोन दिवसांत उतार पडला नाही तर परत या असं म्हणाल्या. कामाचं विचारलं तर "बघा कसं वाटतंय ते". आता कसं वाटतंय हेच तर मला कळत नाहीये! दर दोन तासांनी वेगळं वाटतं. गोळी घेतल्यावर वाटतं जमेल की, त्यात काय, आणि गोळी उतरली की पायऱ्या चढतानासुद्धा भिंत धरावी लागते.

करारात लिहिलंय की आजारपणामुळे येता येत नसेल तर ताबडतोब कळवायचं आणि शक्यतो बदली माणूस सुचवायचा. मानधन अर्थातच नाही. मी अजून कोणालाच कळवलेलं नाही. एजन्सीला नाही आणि बूथमधल्या जोडीदारीणबाईंनाही नाही, त्या खूप सीनिअर आहेत, मी त्यांच्याबरोबर आधी कधीच काम केलेलं नाही.

तर प्रश्न असा की अशा वेळी तुम्ही कसं ठरवता? आणि कधीपर्यंत थांबायचं? मला वाटतंय की बुधवार सकाळपर्यंत वाट बघावी, तोवर बरं वाटेलच. नवरा म्हणतो तू आधीच ठरवलंयस, फक्त कोणीतरी हो म्हणायला हवंय. असेलही.

---

सरळमार्गी | सोमवार, रात्री ११:५२

नका जाऊ. झोपा आता. रात्री बारा वाजता १०१ तापात फोरमवर काय करताय?

---

ओपीडीनंतर | मंगळवार, सकाळी ६:१५

मी डॉक्टर आहे, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय त्याला हे पर्याय नाही, फक्त तुमच्या पोस्टमधल्या दोनतीन गोष्टींवर लिहितो.

एक म्हणजे ते ९९.५. गोळी पोटात असताना मोजलेला ताप हा गोळीचा आकडा असतो, तुमचा नव्हे. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास राहतो, त्यामुळे ती घेतल्यावर दोन तासांनी थर्मामीटर लावून खूश होण्यात अर्थ नाही. पुढची गोळी घ्यायच्या ऐन आधी मोजा, किंवा अंग फार दुखत नसेल तर गोळी न घेता मोजा, तेव्हा कळेल. श्वासाच्या आजारांसाठी अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) मार्च २०२४ पासून जो सल्ला दिलाय तो साधा आहे: तापाचं औषध न घेता २४ तास ताप नाही आणि एकूण लक्षणं उताराला लागलीत, तर माणसांत मिसळायला हरकत नाही, आणि तरी पुढचे ५ दिवस मास्क, हवा खेळती, अंतर वगैरे सांभाळा. दोन्ही अटी एकदम हव्यात, एक असून चालत नाही.

दुसरं, फ्लू असेल तर लक्षणं सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून ते नंतर साधारण पाच ते सात दिवस माणूस तो पसरवू शकतो, पहिल्या तीनचार दिवसांत सगळ्यात जास्त. शनिवार रात्र धरली तर गुरुवार म्हणजे पाचवा दिवस. जमण्यासारखं असेल पण अगदी काठावर.

आणि गोळ्या मोजा हो. सर्दीखोकल्याच्या तयार गोळ्यांमधे बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची म्हणून वेगळी घेतली की दुप्पट होतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर अजिबात नको, त्याच्या पुढे यकृताला धोका. जास्त घेतली म्हणून लवकर बरं वाटत नाही. 'काम आहे म्हणून' गोळ्या खाणारे लोक नेमके इथे चुकतात, हे मी फार वेळा बघितलंय.

आवाजाचं म्हणाल तर घसा बसणं हे बहुतेक वेळा विषाणूमुळेच असतं, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातं, अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. न बोलणं हेच औषध. कुजबुजणं नको, लोकांना वाटतं हळू बोललं की घशाला आराम पडतो पण जोर लावून कुजबुजल्याने स्वरतंतूंवर उलट ताण येतो. बोलायचंच तर साध्या आवाजात, कमी.

कान: दडा बसलेला असताना विमानात चढणं मला पसंत नाही. कानातली नळी सुजलेली असली की उतरताना आतला-बाहेरचा दाब सारखा होत नाही, दुखतं ते वेगळंच पण कधी आत पाणी साठून ऐकू कमी येतं आणि ते दिवसेंदिवस राहू शकतं. तुमचं तर पोट कानावर आहे.

ताप जाऊन परत उलटला, धाप लागली, छातीत दुखलं तर कामाचा विचार बाजूला ठेवून दाखवायला जा. आणि डेंगीची शक्यता असेल अशा भागात असाल तर लक्षात ठेवा, त्यात ताप उतरायला लागल्यावरचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे असतात, तिथे 'ताप उतरला, चला कामाला' हे चालत नाही. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनही तेव्हा नको.

---

पडद्यामागचा | मंगळवार, सकाळी ७:३०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, परिषदा आणि मोठी ट्रेनिंग भरवतो, दुभाषी, वक्ते, साउंडवाले सगळे आमच्याकडूनच जातात. तेव्हा ताई (ताईच ना? 'टाकत होते' वरून धरलंय), आमच्याकडे काय होतं ते सांगतो.

माणूस आजारी पडला याचा आम्हाला राग येत नाही. खरंच नाही. प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी पडतंच, आम्ही ते धरूनच चाललेलो असतो. राग येतो तो आदल्या रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजचा, ज्यात लिहिलेलं असतं 'रविवारपासून बरं नाहीये'. अरे मग रविवारी का नाही बोललास! मंगळवारी सकाळी मला कळलं तर माझ्या हातात दोन पूर्ण दिवस असतात, मी चार जणांना फोन करतो, त्यातला एक मोकळा असतो, त्याला कागदपत्रं पाठवतो, तो एक रात्र वाचतो. बुधवारी सकाळी कळलं तर मी जो उचलेल त्याला घेतो. बुधवारी रात्री कळलं तर मी कोणालाच घेत नाही, जोडीदारीण एकटी दिवसभर ओढते आणि दुपारनंतर लोक हेडफोन काढून ठेवायला लागतात.

तुम्ही 'बुधवार सकाळपर्यंत वाट बघते' म्हणता ना, ती वाट तुम्ही तुमच्यासाठी बघताय पण ती आमच्या वेळेतून जातेय.

आणि मुख्य म्हणजे कळवणं आणि रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात म्हणून गप्प बसतात. आज फक्त एवढंच कळवा की शनिवारपासून ताप आहे, आवाज बसलाय, गुरुवारपर्यंत ठीक व्हायची शक्यता आहे पण खात्री देत नाही, तुम्ही बदली माणूस बघून ठेवलेला बरा, आज संध्याकाळी सहाला मी नक्की काय ते सांगते. आणि सहाला सांगायचं म्हणजे सांगायचं. मला असा मेसेज आला ना तर मी त्या माणसाचं नाव पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो, चांगल्या यादीत.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. उलट्या किती झाल्या ते नको. थर्मामीटरचा फोटो नको (येतात, शप्पथ). सात वेळा सॉरी नको, कारण मग मला तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि त्यात माझी दहा मिनिटं जातात. बदली माणसाचं नाव, नंबर आणि तो मोकळा आहे का हे विचारून पाठवलंत तर सोन्याहून पिवळं, पण त्याला परस्पर ठरवून टाकू नका, ते आमच्यावर सोडा, क्लायंटचं काहीतरी असतं.

आणि ती ग्लॉसरी! ती देऊन टाका. चारशे शब्द आयते मिळाले तर बदली माणसाचं अर्धं काम झालं.

---

मुखवटा | मंगळवार, सकाळी ८:४५

सगळे नका जाऊ नका जाऊ म्हणतायत म्हणून मी उलटं लिहितो.

मी नाटकात काम करतो, वीस वर्षं. १०२ तापात प्रयोग केलेत, विंगेत बादली ठेवून केलेत. आणि सांगतो, स्टेजवर पाय ठेवला की दोन तास ताप जातो कुठेतरी, नंतर परत येतो व्याजासकट तो भाग वेगळा. बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनची ती मॅच आठवा, ११ जून १९९७, अंगात त्राण नव्हतं, बाकावर बसताना टॉवेल डोक्यावर, आणि ३८ पॉइंट काढले, टीम ९०-८८ ने जिंकली. माणसात असतं ते.

शिवाय फ्रीलान्सरला रजा नसते हे इथे कोणी बोलतच नाहीये. पगारी माणसाला 'तब्येत आधी' म्हणणं सोपं आहे. दोन दिवसांचं मानधन गेलं, एजन्सी हातची गेली, तर फोरमवरचे लोक भरून देणार आहेत का? परवडत असेल तरच रद्द करावं, नाहीतर गरम पाणी, गोळी आणि जय हो.

---

सरळमार्गी | मंगळवार, सकाळी ८:५८

@मुखवटा, जॉर्डनच्या टीमकडे बाकावर बदली खेळाडू बसलेले होते, आणि त्याचं वाईट झालं असतं तर कोचने त्याला बाहेर काढला असता. शिवाय तापात खेळून जे हरले त्यांच्या मॅचा कोणाला आठवतात?

---

मुखवटा | मंगळवार, सकाळी ९:१०

मुद्दा आहे. पण पैशाचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही.

---

दोननंबरमाइक | मंगळवार, सकाळी ९:४०

मीपण दुभाषीच, सतरा वर्षं झाली. बूथवासी, मी तुझ्या जोडीदारीणबाईंच्या खुर्चीत बसून लिहिते.

बाकीच्यांना कल्पना नसेल म्हणून सांगते, दोघांचा तात्पुरता उभारायचा बूथ साधारण १.६० मीटर रुंद आणि तेवढाच खोल असतो, दार बंद, काच बंद, आत दोन माणसं खांद्याला खांदा लावून आठ तास. मास्क लावून बोललं तर आवाज दबतो म्हणून आत कोणी मास्क लावत नाही. म्हणजे पाचव्या दिवसाचा फ्लू घेऊन तू तिथे जाणार असशील तर तो त्या बाईंना देण्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं काम असणार, आपल्या सगळ्यांचं असतं. त्यांनाही रजा नाहीये. @मुखवटा, तुमच्या पैशाच्या मुद्द्याचं अर्धं उत्तर इथे आहे, मानधन फक्त एकीचं जात नाही.

आता खोकला. आपल्या कन्सोलवर खोकल्यासाठी वेगळं बटण असतं, दाबून धरलं की माइक तेवढ्यापुरता बंद. ते बटण एका खोकल्यासाठी आहे गं. तासाला चाळीस खोकल्यांसाठी नाही. तू बटण दाबतेस तेवढ्यात वक्ता थांबत नाही, त्या दीड सेकंदात तो 'नाही' हा शब्द बोलून जातो आणि तू वाक्य उलटं सांगून मोकळी होतेस. व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि उघडा ठेवू नका. माझं असं झालंय, विषय दुसरा होता, पण झालंय, आणि वाईट म्हणजे मला कळलंही नव्हतं, जोडीदाराने चिठ्ठी सरकवली तेव्हा कळलं.

तसंही आपण अर्ध्या अर्ध्या तासाने आलटूनपालटून बोलतो ते उगाच नाही. धडधाकट माणसाचंसुद्धा तीस मिनिटांनंतर लक्ष ढळायला लागतं. तापातून उठलेल्या डोक्याची तीस मिनिटं किती टिकतील? दहा? मग उरलेली वीस कोण बोलणार? त्याच. एका कानाला दडा असताना तर आपला स्वतःचा आवाजही धड कळत नाही, मग आपण नकळत ओरडायला लागतो, आणि घसा आधीच बसलेला.

घरून रिमोटने करू का असं एजन्सीला विचारावंसं वाटत असेल तर विचार, संसर्गाचा आणि विमानाचा प्रश्न सुटतो, पण आवाज आणि डोकं तेच राहतं आणि वर ऑनलाइन आवाज आणखी खराब येतो. मी नसतं विचारलं.

त्या सीनिअर बाईंना तू आज फोन कर. एजन्सीच्या आधी नाही, पण लगेच नंतर. तू घाबरतेयस की त्या काय म्हणतील. मी सांगते काय म्हणतील, 'बरं झालं आत्ता सांगितलंस'. आणि त्यांना बदलीसाठी सहा जण माहीत असतील.

एक खरं खरं सांगू का, मला तुझ्या पोस्टमधे सगळ्यात जास्त काय खटकलं? तू सगळं लिहिलंस, ताप, आवाज, एजन्सी, करार, पण ऐकणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. दीडदोनशे लोक कानात तुला घेऊन बसणार आहेत. रागावू नकोस. तापात आपल्याला फक्त आपणच दिसतो, मलाही तसंच होतं.

---

खिडकीचीसीट | मंगळवार, सकाळी १०:२०

थोडं विषयांतर. विमानवाल्यांकडे यासाठी एक चेकलिस्ट असते, 'आयएम सेफ', प्रत्येक अक्षराचा एक प्रश्न: इलनेस, मेडिकेशन, स्ट्रेस, अल्कोहोल, फटीग, इमोशन. पायलटने उड्डाणाआधी स्वतःलाच विचारायची. मला त्यातलं आवडतं ते म्हणजे आजार आणि औषध हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजारासाठी तुम्ही ठीक असाल पण औषधासाठी नसाल असं होऊ शकतं. डायफेनहायड्रामिन हे सर्दी-ॲलर्जीच्या कितीतरी साध्या गोळ्यांमधे असतं, गुंगी आणणारं, तर अमेरिकेची एफएए, म्हणजे तिथली विमान वाहतुकीवर देखरेख करणारी संस्था, सांगते की ते घेतल्यावर ६० तास उडवू नका. ६० तास! आपण ती रात्री घेऊन सकाळी गाडी काढतो.

तुम्ही विमान उडवत नाही हे मान्य. पण खोकल्याचं औषध कुठलं चाललंय ते बाटलीवर वाचा, 'झोप येऊ शकते' लिहिलं असेल तर ती झोप बूथमधेही येणार.

आणि नवऱ्याचं बरोबर आहे असं वाटतं :)

---

बूथवासी | मंगळवार, सकाळी ११:०५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ताईच, हो.

@दोननंबरमाइक, रागावले नाही, पण लागलं थोडं. खरं आहे, ऐकणाऱ्यांचा विचार डोक्यात आलाच नव्हता, माझ्या डोक्यात फक्त एजन्सीतल्या त्या बाईंचा चेहरा होता, जो मी कधी बघितलेलासुद्धा नाही.

@ओपीडीनंतर, सकाळी गोळी न घेता मोजला, १००.६. म्हणजे काल रात्रीचं ९९.५ खोटंच होतं. आणि हो, दोन्ही गोळ्या चालल्या होत्या, तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी. पाकिटामागे बघितलं, दोन्हीत तेच. हिशोब केला तर ४ ग्रॅमच्या आतच होते पण चुकून आत होते. सर्दीची बंद केली.

@पडद्यामागचा, तुमचा मेसेज जवळजवळ तसाच उचलला आणि ९:५० ला पाठवला. मात्र 'संध्याकाळी सहाला सांगते' लिहिलं आणि मग पाच मिनिटांनी दुसरा मेसेज टाकला की नाही, येणार नाही, बदली बघा. १००.६ बघितल्यावर सहापर्यंत थांबण्यात काही राम वाटला नाही.

उत्तर आलं, 'ओके. नाव सुचवा.' बस. तीन शब्द. हे चांगलं की वाईट?

---

पडद्यामागचा | मंगळवार, सकाळी ११:१२

चांगलं. त्या आत्ता फोनवर आहेत, म्हणून तीन शब्द.

---

स्वरशून्य | मंगळवार, दुपारी १:३०

उशिरा येतोय, ठरलंच आहे तर बरंच. पण आवाजावर पोट असणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे कोणीतरी शोधत येईल.

मी गायन शिकवतो आणि कार्यक्रम करतो. ताप नसला तरी आवाज बसलेला असताना रेटून गायलं तर स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. मग आठवड्याची गोष्ट महिन्यांवर जाते. गायिका ॲडेलला २०११ मधे तेच झालं होतं, दौरा रद्द करावा लागला, नोव्हेंबरमधे शस्त्रक्रिया झाली, बोलणंसुद्धा बंद होतं. फेब्रुवारी २०१२ मधे ग्रॅमीला परत गायली आणि त्या रात्री सहा पुरस्कार घेऊन गेली. त्या वेळी दौरा रद्द केला म्हणून लोक चिडलेच असतील, आज कोणाला तो दौरा आठवतो?

आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून घशाच्या डॉक्टर मंडळींना गायकांनी सुजल्या आवाजावर ती घेऊन गाणं आवडत नाही. एका कार्यक्रमापुरतं स्टिरॉइड घेऊन उभे राहणारेही आहेत. सूज उतरते, आवाज येतो, आणि आत काय चाललंय ते कळत नाही. मी एकदा घेतलंय. कार्यक्रम मस्त झाला. पुढचे सात आठवडे शिष्यांना पेटीवर सूर दाखवून शिकवलं, गळ्यातून काही नाही.

---

मुखवटा | मंगळवार, दुपारी २:१५

ठीक आहे, मीपण एक कबुली देतो. ज्या प्रयोगाचं मी सगळ्यांना सांगतो, विंगेत बादलीवाला, त्याच्यानंतर चार दिवसांत आमच्यातले पाच जण पडले होते. पुढचे दोन प्रयोग रद्द. ते मी गोष्टीत सांगत नाही.

तरी पैशाचं आहेच. माझं मत असं की फ्रीलान्सरने मानधनातला काही भाग दर वेळी 'पडायचे दिवस' म्हणून बाजूला टाकावा, आम्ही काही जण टाकतो, मी धरून नाही :) आणि करार करतानाच विचारून घ्यावं की आजारी पडलो तर तयारीचे पैसे मिळतील का. एकदा पडल्यावर विचारायला तोंड होत नाही.

---

बूथवासी | शनिवार, सकाळी १०:००

अपडेट देते, विचारलंय काही जणांनी व्यनिवर (खाजगी मेसेजवर).

मंगळवारी दुपारी सीनिअर बाईंना फोन केला. माझा आवाज ऐकून त्या आधी हसल्या, म्हणाल्या तू कोण बोलतेयस हे कळायलाच मला वेळ लागला. त्यांनीच दोन नावं दिली, त्यातलं एक जमलं. ग्लॉसरी पाठवली, वक्त्यांच्या स्लाइड पाठवल्या, एका वक्त्याचे उच्चार फार भराभर आहेत त्याचा जुना व्हिडिओ होता तोही पाठवला.

बुधवारी सकाळी गोळी न घेता ९८.८ होता. मला इतका राग आला! वाटलं उगाच सोडलं, विमानाला अजून नऊ तास आहेत, बॅग भरू का, एजन्सीला फोन करून सांगू का की येते. नवऱ्याने फोन काढून घेतला नाही पण बघत बसला नुसता. संध्याकाळी साडेसहाला परत १००.४. त्या वेळी मी विमानात असते.

गुरुवारी ताप गेला आणि अजून आलेला नाही. खोकला आहेच, काल रात्री पण उठवलं त्याने. आवाज सकाळी घोगरा, दुपारी बरा. म्हणजे गुरुवारी बूथमधे बसले असते तर नेमकं काय झालं असतं ते मला अजूनही सांगता येत नाही, कदाचित ओढूनताणून निभावलंही असतं. सीनिअर बाईंना विचारलं काल, परिषद कशी झाली, तर म्हणाल्या पहिल्या दिवशी तिसऱ्या सत्रात साउंडच गेला होता वीस मिनिटं. म्हणजे ते वेगळंच काहीतरी.

एजन्सीकडून परत काही नाही. 'लवकर बऱ्या व्हा' पण नाही. तयारीच्या पैशांचं विचारायचं धाडस झालं नाही, @मुखवटा, तुमचं ऐकून पुढच्या करारात घालणार आहे, पुढचा करार आला तर. पुढच्या महिन्यात त्यांची अजून एक परिषद आहे हे मला माहितेय, त्यासाठी मेल टाकायचा की थांबायचं ते कळत नाहीये. @पडद्यामागचा, तुम्ही काय करता अशा वेळी?

आणि बदली आलेल्या मुलीने ग्लॉसरी परत पाठवलीय, स्वतःचे एकतीस शब्द घालून. वर तीन ठिकाणी पिवळं केलंय आणि एका ठिकाणी लिहिलंय, 'हा शब्द कुठून आणलास? सभागृहात कोणालाच कळला नाही.' बघितलं तर तो मी रविवारी १०२ मधे घातलेला.

---

पडद्यामागचा | शनिवार, सकाळी १०:२५

सोमवारी मेल टाका. दोन ओळी. बरी झालेय, अमुक तारखांना मोकळी आहे. मागच्या वेळचं काही लिहू नका, त्यांना माहितेय.

कुठला शब्द होता?